फुटलेला अहवाल

"माझे हे देशद्रोही नाहीत हो!" म्हणत बाईंनी वर्तमानपत्र वहिनींच्या टेबलावर आपटलं.

वहिनी खाजगी तपास करत. सोबतीला त्यांचे दीर, निवृत्त मास्तर. माणूस भला, पण डोक्यात उजेड पडायला अंमळ वेळ लागे. वहिनी त्यांना भाऊजी म्हणत, आपणही तेच म्हणू.

पहिल्या पानावर लष्कराच्या गोपनीय अहवालाचा फोटो होता. चारी कडांसकट अख्खं पान, समास कोरे करकरीत, खाली मेजरसाहेबांची सही. सदोष गोळे तोफेतच फुटून आपलेच अकरा जवान गेले होते, आणि तेच गोळे अजून वापरात होते. बाईंचे यजमान तिथले रेकॉर्डकीपर. कपाटाची चावी त्यांच्याकडे, म्हणून तेच कोठडीत. उद्या कोर्टात उभं करणार होते.

"पण वहिनी, हा कागद फोडणारा चोर म्हणायचा की साव?"

"आधी फोडला कुणी ते बघू, भाऊजी."

कचेरीत टायपिस्टबाई फणकारल्या. "एकच प्रत टाइप करते, सहीला ठेवते. सही झाली की तो कागद माझ्या नजरेलाही पडत नाही. साहेब स्वतः रेकॉर्डला नेतात."

कोठडीतले रेकॉर्डकीपर खाली मान घालून म्हणाले, "कागद आला की साहेबांच्या देखत दोन भोकं पाडतो, दोरी ओवतो, कुलूप लावतो. बावीस वर्षं हेच."

मेजरसाहेब एवढंच म्हणाले, "माणूस साधा आहे. पण चावी त्याचीच."

भाऊजींनी कपाळाला हात लावला. "म्हणजे कुणीच नाही?"

वहिनींनी बाईंसकट सगळ्यांना मेजरसाहेबांच्या खोलीत बोलावलं. रेकॉर्डकीपरनाही आणवलं.

"फोटोतल्या समासाला भोकं नाहीत," त्या म्हणाल्या. "म्हणजे फोटो कपाटात जाण्याआधीचा. पण सही आहे, म्हणजे टायपिस्टबाईंच्या हातून गेल्यानंतरचा. मधल्या वेळात कागद एकाच माणसाकडे होता. साहेब, तुमच्याकडे."

मेजरसाहेबांनी उठून खोलीचं दार लोटलं. "आठ महिने वर पत्रं लिहिली. कुणी ढुंकून पाहिलं नाही. शेवटी फोटो धाडला. आता बोभाटा झालाय, गोळे परत मागवायचा हुकूम पंधरा दिवसांत निघेल. आज माझं नाव आलं, तर सही करणाऱ्यानंच कागद फोडला म्हणून अहवालच बनावट ठरवतील."

"आणि तोवर हा गरीब माणूस सडला तरी चालेल?" वहिनींचा आवाज चढला. "कागद फोडलात ते चूक की बरोबर, माझं मलाच कळेनासं झालंय. पण हे पाप आहे!"

भाऊजी सगळ्यांकडे आळीपाळीने बघत राहिले. कुणाचा राग करावा हेच त्यांना सुचेना.

"मी वाचला होता तो अहवाल," रेकॉर्डकीपर हळूच म्हणाले. "माझा पुतण्या त्याच तोफेवर आहे. तरी कुलूप लावलं आणि घरी जाऊन जेवलो." मग वहिनींकडे वळले. "ताई, पंधरा दिवस गप्प राहाल? तेवढे दिवस मलाच चोर म्हणू देत."

"अहो!" बाई ओरडल्या. "तुम्हाला सोडवायला आणलंय मी यांना!"

"पोर तिथं आहे गं. तूच वाढवलंस त्याला."

बाईंनी डोळे पुसले. मग दार उघडून बाहेरच्या शिपायाला म्हणाल्या, "कोठडीत घरचं पांघरूण चालतं का हो?"