चाकं पुसलीत का?

वर्तमानपत्रात गुंडाळलेलं खेळण्यातल्या रेल्वेचं इंजिन मी दुकानाच्या काउंटरवर ठेवलं आणि एका दमात सांगून टाकलं — मोटर जळलीय, आतली वायरही तुटली असणार, पण काहीही करून हे चाललंच पाहिजे.

काउंटरपाशी उभ्या असलेल्या तरुणाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग ते वीतभर इंजिन उलटं करून म्हणाला, "चाकं पुसलीत का?"

"चाकं?"

त्याने कापसाच्या काडीवर थोडं स्पिरिट घेऊन चाकांवरून फिरवलं. कापूस काळाकुट्ट! तिथल्याच रुळाच्या तुकड्यावर इंजिन ठेवून त्याने बटण फिरवलं आणि... ते सुरसुरत निघालं.

मला कुठे तोंड लपवू असं झालं.

"रुळातली वीज चाकांतूनच आत जाते," तो हळूच म्हणाला. "मळ बसला की संपलं. लाजू नका हो. मी तर एकदा... जाऊ दे, ओळख वाढली की सांगेन."

"ओळख वाढणार, असं कोण म्हणालं?"

"कोणी नाही. इंजिन जुनं आहे, एवढंच म्हणतोय."

तेवढ्यात आतून खरे दुकानदार आले. हा तर माझ्यासारखाच गिऱ्हाईक निघाला! समोर त्याचं चष्म्याचं दुकान होतं. गाड्यांचा नाद होता, म्हणून इथे रंगाची डबी घ्यायला आला होता. जाताना त्याने आपला नंबर दिला. मी तो घेतला... इंजिनासाठी.

खरं सांगायचं तर इंजिनापेक्षा काळजी बाबांची होती. मी फिजिओथेरपिस्ट. बसलेल्या माणसांना चालतं करणं हाच माझा धंदा, आणि घरात माझेच बाबा हृदयाच्या ऑपरेशननंतर खुर्ची सोडायला तयार नव्हते. पूर्वी मागच्या खोलीतल्या त्या छोट्या रेल्वेत ते दिवसचे दिवस रमायचे. इंजिन बंद पडलं तेव्हा एवढंच म्हणाले, "बघ, तेही थकलं."

मी इंजिन घरी आणलं, बाबांची खुर्ची खोलीत ओढली, गाडी रुळावर ठेवली. ढिम्म! हलेचना. मी त्याला फोन लावला.

संध्याकाळी दुकान बंद करून तो आला. टॉर्च घेऊन गुडघ्यांवर बसला, कागदी डोंगराच्या बोगद्यात खांद्यापर्यंत हात घातला आणि काहीतरी बाहेर काढलं. केसांची पिन.

"दोन्ही रुळांवर आडवी पडली होती. शॉर्ट झालं. ही... कोणाची असेल बरं?"

माझा हात आपसूक अंबाड्याकडे गेला. बोगद्यातली धूळ मीच झटकली होती.

आणि बाबा हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच — टाके दुखू नयेत म्हणून छातीशी उशी धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"हसा, हसा," तो म्हणाला. "मी एकदा अख्खं इंजिन खोललं, नवी मोटर बसवली. दोन दिवस डोकं फोडून घेतल्यावर कळलं, गाडी शोभेच्या रुळावर ठेवलीय. त्याला वायरच नव्हती!"

मग तो येत राहिला. कधी सिग्नल लावायला, कधी बाबांशी गप्पा मारायला. माझ्याशी बोलताना मात्र रुळांकडे बघायचा... आणि मी रुळांकडे बघत असले की माझ्याकडे. पुढे कामं संपली. येणंही थांबलं. इंजिन इतकं गुणी, की एकदाही अडेना.

शेवटी रविवारी मी गुपचूप प्लग काढून ठेवला आणि फोन केला, "अहो, गाडी बंद पडलीय."

तो आला. एका नजरेत त्याला प्लग दिसला. "हा निघालाय," तो म्हणाला.

"अय्या, हो का?" मी म्हणाले.

गालातल्या गालात हसत त्याने प्लग लावला, बटण फिरवलं. गाडी जागची हलली नाही! आता मात्र मी खरंच घाबरले. त्याने रुळावरून नख फिरवलं आणि इंजिनाखालच्या रुळावरून पारदर्शक चिकटपट्टीचा लांब तुकडा सोलून काढला.

"हे मी नाही केलं!"

"म्हणजे प्लग..."

माझे कान तापले. खुर्चीतलं वर्तमानपत्र गदगदत होतं.

"बाबा!"

"तूही उद्योग करून ठेवलायस, हे मला काय माहीत?" बाबा म्हणाले. मग आपणहून उठले. "मी चहाचं बघतो," म्हणत भिंतीचाही आधार न घेता स्वयंपाकघरात गेले. आम्ही दोघं त्यांच्या पाठमोऱ्या चालीकडे बघत राहिलो.

"मला बोलवायला काहीतरी बंद पडायलाच हवं का?" त्याने विचारलं.

"नुसतं बोलावलं असतं तर आला असतात?"

"रोज वाट बघत होतो. तुमच्या इंजिनाला शिव्या घालत होतो... इतकं नीट चालतंय म्हणून." यावेळी त्याने रुळांकडे पाहिलं नाही. "मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून."

"मलाही," मी म्हणाले. त्याने माझा हात हातात घेतला.

"साखर कुठे ठेवलीस गं?" बाबांनी आतून विचारलं.

"आले!" मी ओरडून सांगितलं. पण त्याने हात सोडला नाही, आणि मीही काढून घेतला नाही.