गेरूचा पंजा

वलयचित्रक यंत्र थांबलं आणि डॉ. सुषमा मोहुर्लेचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. पडद्यावर सागवानाचे दोन ओंडके होते. एक भारतात उतरलेला, दुसरा व्हिएतनामात. काठाचं एक वलय सोडलं, तर दोन्हींची वलयं केसभरही वेगळी नव्हती.

दोन्ही देशांची गेल्या काही वर्षांतली सागवानाची आयात ताडून पाहायचं काम नागपूरच्या या काष्ठ-प्रयोगशाळेकडे आलं होतं, कारण गणित जमत नव्हतं. कांबोरा देशातून दोन्हीकडे दरवर्षी जास्तच माल यायचा आणि उपग्रहाला तिथलं जंगल मात्र जसंच्या तसं दिसायचं.

"झाडं तोडतच नाहीत ते," सुषमाचे वरिष्ठ पोतदुखे सर म्हणाले. "एकच तोडलं, प्रतिरूपकात, म्हणजे नकला काढायच्या यंत्रात ठेवलं, त्याचा अणुसाचा घेतला. आता त्या साच्यातून हवे तेवढे ओंडके काढतात. पण साचा दर खेपेला काठाने थोडा झिजतो. व्हिएतनामच्या जुन्या मालावर साल आहे, आपल्या नव्या मालात बाहेरचं वलयसुद्धा गायब. मॅडम, आपल्या नशिबी कायम उतरलेलाच माल!"

सुषमाला हसू आलं नाही. ती ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावरचा गेरूचा पंजा पाहत होती. तिचा नवरा भास्कर मूळचा बल्लारपूरच्या लाकूड डेपोतला मोजणीदार. ओंडका मोजून झाला की गेरूचा हात टेकवून क्षणभर उभं राहायचं, ही त्याच्या वडिलांपासूनची रीत. कांबोरात नोकरीला गेल्यावरही त्याने ती सोडली नव्हती. ती वाकडी करंगळी तिने लगेच ओळखली.

"पंजा आधी उमटला, साचा नंतर घेतला. त्यात काय एवढं?" सर म्हणाले.

"नाही सर. पंजा तोच आहे, पण हात उचलताना गेरू प्रत्येक ओंडक्यावर वेगळा फरफटलाय. साचा घेताना हात तिथेच होता. आणि दर खेपेला तो कोणीतरी उचललाय."

सरांनी चष्मा काढला आणि पुसतच बसले. प्रतिरूपकातून बेकायदा निघालेली प्रत्येक गोष्ट नष्ट करायची, असा दोन्ही देशांचा कांबोराशी करार होता. अहवाल तेवढा जायचा बाकी होता.

सुषमा घरी आली तेव्हा दिवाळीच्या सुट्टीवर आलेला भास्कर व्हरांड्यात संत्री सोलत होता. तिने त्याचा हात ओढून उलटा केला. तळव्यावर एकही रेषा नव्हती. लाकूड हाताळून हात गुळगुळीत होतात, असं तो म्हणायचा आणि तिने ते मानलंही होतं. पण गेल्या दिवाळीला रेषा होत्या. त्याआधीच्या दिवाळीला नव्हत्या. तिला काठाने झिजत जाणारा साचा आठवला.

"तू कितवा?"

त्याने संत्रं खाली ठेवलं. "समजलं का तुले? त्या दिवशी मी हात लावून उभा होतो अन् कोणीतरी यंत्र चालू केलं. आता दर ओंडक्यासंगं आमच्यातला एक निघते. साऱ्यायले हेच घर आठवते, तूच आठवते. भांडण नको म्हणून दर दिवाळीले चिठ्ठ्या टाकतो. जो येऊन जाते, तो परत गेल्यावर बाकीच्यायले सारं सांगते. तू काय बोलली, कोणती भाजी केली, सारं."

"आणि खरा भास्कर?"

"जो तो म्हणते, मीच."

तिला भीती वाटली आणि त्याहून जास्त त्याची कीव आली. एवढी वर्षं आपण कोणाकोणाची वाट पाहिली, हेही तिला सांगता आलं नसतं.

"एक ऐकशील? तू सांगत होती तो अहवाल इतक्यात देऊ नको," तो म्हणाला. "कित्येकायची चिठ्ठी अजून निघालीच नाही. ते बिचारे एकदाही घरी आले नाहीत."