बारावं रेकॉर्डिंग

शिवणवाल्या मावशी आयुष्यात कुणाच्या हाताखाली शिकल्या नव्हत्या. शिलाई मशीन त्यांनी स्वतःच खोलून जोडून समजून घेतलं होतं. तेव्हा नवऱ्याच्या कॉम्प्युटरची डिस्क बदलायला त्या दुसऱ्याच्या तोंडाकडे कशाला बघतील?

डिस्क महिनाभर कुरकुरत होती. तिच्यात नवऱ्याची अकरा रेकॉर्डिंग होती. शेवटच्या आजारपणात, आवाज बसत चालला तसा माईक ओठांशी धरून त्याने ती केली होती. दुसरीकडे कुठेही उतरवलेली नव्हती.

"एसएसडी टाका, मावशी," दुरुस्तीवाला म्हणाला होता. "तिच्यात फिरणारं काही नसतं. अगदी मुकी असते. मी येतो बसवायला."

"माझे हात काय मोडलेत? कसं करायचं तेवढं सांग."

दुपारी जेवण आटोपून त्यांनी कॉम्प्युटरचा डबा उघडला. धुळीचा, तापलेल्या तारांचा वास आला. नवी डिस्क वायरने जोडली आणि दुरुस्तीवाल्याने सांगितलेला, एका डिस्कवरचं दुसरीवर उतरवणारा प्रोग्राम लावला. पडद्यावर वर-खाली दोन चौकोन आले. आता कपड्याचा खाका उतरवायचा तर जुना नमुना खाली आणि कोरा पातळ कागद वर. चाळीस वर्षांची हाताची सवय. त्यांनी जुनी डिस्क खालच्या चौकोनात घेतली, नवी वरच्या. बाजूच्या सूचना वाचायची त्यांना गरज वाटली नाही.

काम चार मिनिटांत उरकलं. फारच लवकर. त्यांनी दुरुस्तीवाल्याला फोन लावून काय केलं ते सांगितलं.

"जुनी खाली घेतलीत?" दुरुस्तीवाला म्हणाला. "मावशी... वरचं खाली उतरतं. तुम्ही कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरवलीत."

"मग आता काहीच उरलं नाही?"

"...नाही."

मावशींनी फोन ठेवला. रडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं आणि काम अर्धवट टाकणंही. त्यांनी जुनी डिस्क काढली, नवी बसवली, वाटीतले स्क्रू एकेक करून घट्ट केले आणि बटण दाबलं.

कुरकुर नव्हती. खोली इतकी गप्प, की स्वतःच्या बांगड्यांचा आवाज त्यांना मोठा वाटला. दहा सेकंदांत पडदा उजळला. नवऱ्याने लावलेलं चित्र, त्याच्या फायली, कोऱ्या डिस्कवर सगळं जागच्या जागी. त्यांनी रेकॉर्डिंग मोजली. पुन्हा मोजली.

बारा होती.

बारावं आजच्या तारखेचं. त्यांनी ते लावलं. वाटीत स्क्रू पडल्याचा आवाज. मग त्यांचाच आवाज: "मग आता काहीच उरलं नाही?" दुरुस्तीवाल्याचं उत्तर त्यात नव्हतं. त्या जागी एक लांब, धाप लागलेला श्वास होता, आणि मग अगदी जवळून...

"आहे ना... मी आहे."

कॉम्प्युटरला माईक जोडलेलाच नव्हता. नवऱ्याचा माईक वर्षभर मावशींच्या कपाटात, कुलपात होता आणि किल्ली कमरेला. त्यांनी कपाट उघडलं. माईक प्लास्टिकच्या पिशवीत तसाच होता. पिशवीच्या तोंडाला त्यांनीच मारलेली गाठ, तीही तशीच.

फक्त पिशवी आतून वाफेने धुरकटली होती.