रविवारी चारला येणारं उत्तर

खरं सांगतोय. पटलं नाही तर सोडून द्या, पण थट्टा करू नका.

रात्र नव्हती. वीजही गेली नव्हती. रविवार, दुपारचे चार, माझीच खोली, खिडकी सताड उघडी.

परवा आमच्या हॅम रेडिओच्या, म्हणजे हौसेने घरून बिनतारी सेट चालवणाऱ्यांच्या ग्रुपवर एका नवख्याने विचारलं, "डिजिटल मोडसाठी कम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर घेऊ की फोनवरचं ॲप?" सगळे तुटून पडले. एरवी मीही पडलो असतो.

मी फोन पालथा ठेवला.

डिजिटल मोड म्हणजे सेटवर बोलायचं नाही, टाइप करायचं. अक्षरं शिट्टीसारखा आवाज होऊन हवेतून जातात आणि पलीकडे पुन्हा अक्षरं होतात. मला हे मामाने शिकवलं. मामा घड्याळं दुरुस्त करायचा. एकटा राहायचा, पण भारी गप्पिष्ट. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि त्याचा आवाज कायमचा गेला.

तेव्हापासून दर रविवारी चारला तो टाइप करून माझ्याशी बोलायचा. फोन सेटच्या स्पीकरला टेकवून.

मी कम्प्युटरवाला. "मामा, माझं सॉफ्टवेअर सगळं नोंदवून ठेवतं. ठरलेली उत्तरं आपोआप जातात," अशी मी फुशारकी मारली होती.

त्याने टाइप केलं, "फोनसमोर माणसाला बसावं लागतं. मला तेवढंच हवंय, इंजिनिअर."

मी कसला इंजिनिअर! तो चिडवायला म्हणायचा.

मला कंटाळा यायला लागला होता. लिहिताना लाज वाटते, पण तेच खरं. तीच गिऱ्हाइकं, तेच किस्से. शेवटी मी एक चलाखी केली. मामाचा संदेश आला की कम्प्युटरच उत्तर देईल असं जुळवलं. सेटसमोर कोणी नसताना असं करायचं नसतं, हे मला पक्कं माहीत होतं.

उत्तर एकच. "सगळं मिळालं मामा. भेटू लवकरच. ७३." ७३ म्हणजे आम्हा रेडिओवाल्यांचा रामराम.

पहिला रविवार खपून गेला.

दुसऱ्या रविवारी मी बाहेरच्या खोलीत शेंगदाणे खात मॅच बघत होतो. आतून सेटची शिट्टी येत होती. थांबायची... पुन्हा यायची...

आई म्हणाली, "अरे, दादा आज फार वेळ बोलतोय. बघ तरी."

"नोंद होतंय गं सगळं. नंतर वाचतो."

मग शिट्टी थांबली.

सोमवारी दुकान उघडलं नाही म्हणून शेजारचा शिंपी मामाच्या घरी गेला. दार उघडंच होतं. मामा सेटसमोर खुर्चीत होता. गेलेला.

मी तेव्हा नोंद वाचली.

४.०७. "छातीत दुखतंय. ये."

"सगळं मिळालं मामा. भेटू लवकरच. ७३."

४.१२. "दार उघडून ठेवलंय."

"सगळं मिळालं मामा. भेटू लवकरच. ७३."

४.२१. "आहेस ना तिथे?"

"सगळं मिळालं मामा. भेटू लवकरच. ७३."

त्याचं घर माझ्यापासून पंधरा मिनिटांवर. मी निघालोय असं समजून त्याने दुसऱ्या कोणाला कळवलंच नाही.

मी नोंद पुसून टाकली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई सांगायची, "शेवटपर्यंत भाच्याशी बोलत होता हो. याने कधी रविवार चुकवला नाही." मी मान खाली घालून बसायचो. लोकांना ते दुःख वाटायचं.

सेटची वायर मी काढून ठेवली. मामाचा फोन आईने मला दिला, आठवण म्हणून. तो टेबलावर पडून होता.

पुढच्या रविवारी चार वाजता... बंद सेटमधून शिट्टी आली.

वायर जमिनीवर होती. मी दोनदा पाहिली.

मामाच्या फोनचा पडदा उजळला. ॲप आपोआप उघडलं. एकेक अक्षर उमटू लागलं...

"आहेस ना तिथे?"

मी मोठ्याने बोललो. आजवर कोणाला न सांगितलेलं सगळं. "मामा, तेव्हा मी नव्हतो रे. मशीन उत्तर देत होतं. मी बाहेर मॅच बघत होतो. मला माफ कर."

शिट्टी थांबली.

मग एक ओळ आली.

"सगळं मिळालं इंजिनिअर. भेटू लवकरच. ७३."

आज सात रविवार झाले. चार वाजता मी त्या फोनसमोर बसतो. दर वेळी वेगळ्या शब्दांत माफी मागतो. रडतोसुद्धा.

दर वेळी तीच ओळ येते. एक अक्षर कमी नाही, एक जास्त नाही.

ती मामा पाठवतो, की त्यानेही माझ्यासारखंच काही जुळवून ठेवलंय... मला कळत नाही.

मघाशी आईने दाराबाहेरून विचारलं, "कोणाशी बोलतोयस रे?"

"कोणाशी नाही," म्हणालो.

तिला अजून सांगितलेलं नाही.