दोन्हीकडची

लोणारच्या सार्वजनिक वाचनालयात गावाचे जुने फोटो संगणकावर जतन करायचं काम ग्रंथपाल योगिनीनं हाती घेतलं, तेव्हा लोक पत्र्याच्या पेट्यांतून, कपाटांच्या तळातून फोटो काढून आणू लागले. पूर्वी फोटो स्टुडिओ चालवणारे प्रेमानंद ते स्कॅन करत. योगिनी घरच्या माणसांना विचारून एकेका चेहऱ्याखाली नाव टाकायची. एकसारखे चेहरे संगणक आपोआप शोधून एकत्र करी.

एका दुपारी संगणकानं एका बाईचे बरेच फोटो एकत्र केले. सगळे लग्नांतले. घरं वेगळी, जाती वेगळ्या. काही फोटो काळेपांढरे, कडा कुरतडलेले, काही अलीकडचे रंगीत. बाई मात्र तीच. डोक्यावर गडद पदर, डाव्या कानाची पाळी फाटलेली, वय चाळिशीच्या आसपास. पहिल्या फोटोतही तेवढंच, शेवटच्यातही.

पदर घेतलेल्या बाया सारख्याच दिसतात, संगणक फसला असेल, असं योगिनीला वाटलं. तिनं मूळ फोटो काढून भिंगाखाली धरले. कानाची पाळी सगळीकडे तशीच फाटलेली होती.

तिनं घरोघर विचारलं. मुलाकडचे म्हणाले, ती मुलीकडची असेल. मुलीकडच्यांना फोन लावला, तर ते म्हणाले, ती तर तुमच्या लोणारची. कोणाला ती आलेली आठवत नव्हती, गेलेलीही नाही.

आणखी एक गोष्ट योगिनीच्या लक्षात यायला वेळ लागला. प्रत्येक फोटोत त्या बाईचा हात कोणाच्या तरी खांद्यावर होता. बहुतेकदा एखाद्या लेकराच्या. आणि त्या लेकराचं नाव कोणालाच सांगता येत नव्हतं.

गुलाबरावांच्या घरचा फोटो वडनेर भोलजीच्या लग्नातला होता. त्यांची आई रुखमाबाई त्यात तरुण होती, पुढ्यात लेकरं बसवलेली. एकाच ताग्यातलं फुलाफुलांचं कापड सगळ्यांच्या अंगावर. लेकरं पाच होती. रुखमाबाईंनी चौघांची नावं भराभर सांगितली आणि त्या बाईचा हात खांद्यावर असलेल्या मधल्या मुलीपाशी बोट थांबवलं.

"हे नाही माही," त्या म्हणाल्या. "मले चारच लेकरं. हे मुलीकडचं असन."

गुलाबरावांनीही मान हलवली. ही पोरगी आपण कधी पाहिलीच नाही म्हणाले. योगिनीनं सारखं कापड दाखवलं. रुखमाबाईंनी पुन्हा 'चारच' म्हटलं. फोटो परत देताना मात्र त्यांचा अंगठा त्या मुलीच्या केसांवरून हळूहळू फिरत होता, आणि ते त्यांना स्वतःला कळत नसावं.

घरी योगिनीनं नवऱ्याला, शेखरला, हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, जुन्या माणसांना कुठलं काय आठवतं. घरात त्यांच्या मुलाचं, सागरचं, लग्न तोंडावर आलेलं. धाकटी लेक संजीवनी नर्सिंगच्या कॉलेजातून सुट्टी काढून बुलढाण्याहून आली होती. लग्नात माझ्याजवळच राहा, असं योगिनीनं तिला बजावलं. कारण सांगितलं नाही. संजीवनी हसली, तरी दिवसभर आईच्या मागेमागे राहिली.

मंगल कार्यालयात जेवणं झाल्यावर घरच्यांचा फोटो घ्यायचा ठरला. योगिनीनं संजीवनीचा हात घट्ट धरला. मेंदीचा वास होता, मोगऱ्याचा होता. त्यात एकाएकी सरोवराच्या काठाला येतो तसा खारट, कुजका वास मिसळला.

योगिनीनं वळून पाहिलं.

संजीवनीच्या खांद्यावर एक हात होता. त्यामागे गडद पदर. फाटलेली पाळी.

"तुम्ही कोणाकडच्या?" योगिनीनं विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"दोन्हीकडची, बाई," ती म्हणाली. अगदी मायेनं.

फोटोग्राफरनं सगळ्यांना समोर पाहायला सांगितलं. क्षणभर योगिनीनं पाहिलं. पुन्हा वळली, तेव्हा मागे फक्त रिकाम्या खुर्च्या होत्या.

संजीवनीचा हात तिच्या हातातच होता. गरम, मेंदीनं खरखरीत. योगिनीनं तो कितीतरी वेळ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः लेकीला बुलढाण्याच्या बसमध्ये बसवलं. बस वळेपर्यंत उभी राहिली.

पुढच्या आठवड्यात लग्नाचे फोटो आले. प्रेमानंदांनी ते संगणकावर घेतले आणि योगिनीला हाक मारली. घरच्यांच्या फोटोत ती बाई होती. तिचा हात एका तरुण मुलीच्या खांद्यावर होता.

योगिनीनं एकेक चेहरा पाहिला. शेखर होता. सागर होता. नवी सून होती. ती स्वतः होती. घरचे सगळे होते. तिनं सुटकेचा श्वास सोडला.

"आमच्यापैकी कोणी नाही," ती म्हणाली.

प्रेमानंदांनी फोटोतल्या हातावर बोट ठेवलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, त्या पोरीचा हात तुमच्या हातात आहे."

योगिनीनं फोटो मोठा करून पाहिला. खरंच होता. "गर्दीत धरला असेल," ती म्हणाली.

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. 'संजू' असं नाव आलं होतं. हा नंबर कधी, कोणाचा म्हणून ठेवला, तिला आठवेना.

"आई, मी स्टँडवर उतरली," एक मुलगी म्हणाली. "बॅग लय जड आहे. घ्यायला येऊन राह्यली ना?"

"कोण बोलतंय?"

"आई?"

"चुकून लागला असेल, बाळा. नंबर पाहून लाव," योगिनी समजुतीनं म्हणाली आणि फोन ठेवला.

बाहेर ऊन उतरत होतं. अंधार पडायच्या आत त्या मुलीच्या आईनं तिला घ्यायला जायला हवं, असं योगिनीला वाटलं. मग तिनं पुढचा फोटो उघडला.