पांढरी पट्टी, काळी पट्टी

सॅमकाकांचा कॅमेरा केवढा, तर आत एखाद्या मांजरीने तीनदा संसार थाटला असता नि घरात कुणाला पत्ता लागला नसता. शंभर वर्षांचा, सागवानी, तीन पायांवर उभा. काकांनी दोन वर्षं खपून त्याचा चामडी भाता सांधला. आणि पहिलाच फोटो कोरा निघाला.

"कोरा म्हणजे काळा?" रेवाने विचारलं. हरवलेल्या माणसांपासून चोरलेल्या कोंबड्यांपर्यंत पनवेलात काहीही शोधून द्यायची ती. शेजारी वही घेऊन तिचे मेहुणे, कृष्णकांत. त्यांचं डोकं तिसऱ्या चहानंतर चालू होई. हा पहिलाच होता.

"काळा कसला! काचेसारखा स्वच्छ. उजेड लागला तर फिल्म धुतल्यावर काळी पडते. हिला उजेड शिवलाच नाही." काकांनी एक लाकडी चौकट पुढे केली. तिच्या दोन्ही अंगांना एकेक फिल्म, प्रत्येकीवर सरकती पट्टी. "पट्टीची पांढरी बाजू बाहेर, म्हणजे फिल्म कोरी. फोटो घेतला की काळी बाजू बाहेर. रविवारी ताईचा फोटो घेतला, पट्टी काळी केली, चौकटीला रबराचे दोन वेढे घातले. काल बघतो तर एकच वेढा! तरी काळ्या पट्टीखालचीच धुतली हो."

ताई म्हणजे रेबेका, काकांची थोरली बहीण. वय ब्याऐंशी, आवाज पंचविशीतला. मुलगा अवी तिला कायमचं इस्रायलला न्यायला आला होता. विमान उद्या सकाळी. आणि बाईंनी साऱ्या आळीला ऐकवलेलं, "बाबांच्या कॅमेऱ्यातून माझा फोटो निघाल्याशिवाय हे घर सोडणार नाही!"

कॅमेऱ्याला नवे पाय बसवणारा नेऱ्याचा भगवान सुतार आधीच घाबरलेला. "आमी चौकटीला हात नाय लावला, बाय! रेबेकाबायनीच दम दिलता. म्हणल्या, आधी पांढरी-काळी बघ रे मेल्या, बाबांच्या फोटो धुवायच्या अंधाऱ्या खोलीत मी त्यापायी मार खाल्लाय."

कृष्णकांतांनी लिहिलं : भगवान. घाम फार.

अवी मात्र घड्याळ बघतच आला. "मॅडम, सांगून टाकतो. मीच भर उन्हात गॅलरीत पट्टी ओढून बघितली. सॉरी, मामा. दुसरी फिल्म आहे ना? तिच्यावर काढा फोटो, विषय संपवा."

"त्या फिल्मला हात लावशील तर बघ!" स्वयंपाकघरातून रेबेकाबाई कडाडल्या. "राहू दे ती!"

कृष्णकांतांनी भगवान खोडून अवी लिहिलं आणि वही मिटली.

रेवा स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर शेंडीसकट अख्खा नारळ. "प्रवासाआधी तुमच्यात प्रार्थनेला नारळ-पोह्यांचा मलिदा करतात ना, मावशी? पोहे भिजवले नाहीत?"

"बघू गं. नारळ काय पळून चाललाय?"

रेवा हसत बाहेर आली. "अवी, तुम्ही खोटं बोललात. उन्हात पट्टी ओढली असती तर फिल्म काळीठिक्कर झाली असती. विमान चुकू नये म्हणून आळ अंगावर घेतलात."

"मग भगवान!" कृष्णकांत उसळले.

"भाऊजी, चहा घ्या. काकांनी धुतली ती खरंच कोरी होती. कुणीतरी मिट्ट काळोखात दोन्ही पट्ट्या ओढल्या आणि उलटवून घातल्या. पांढरीची काळी, काळीची पांढरी. काळोख लागतो हे ठाऊक कुणाला? ज्याने लहानपणी त्यापायी मार खाल्लाय त्याला. तुमचा फोटो पांढऱ्या पट्टीखाली शाबूत आहे, काका. तिच्यावर दुसरा काढला असता तर दोन्ही गेले असते. म्हणून तर कुणीतरी एवढं ओरडलं. आणि उद्या खरंच निघणारी बाई आज नारळ अख्खा ठेवत नाही."

पदराला हात पुसत रेबेकाबाई दारात आल्या. "नासवायची कशी रे ती फिल्म? सॅमने दोन वर्षं घातली या कॅमेऱ्यात." मग हळू आवाजात, "तू एवढ्या लांबून आलास, अवी. तुला नाही म्हणायला तोंडच उघडेना."

अवी आईकडे बघत राहिला. घड्याळाकडे नाही.

सॅमकाकांनी चौकट उचलली, रबराचे दोन वेढे घातले आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"काका, धुणार नाही?" कृष्णकांतांना राहवेना.

"काय धुऊ? ताईचा फोटो अजून निघालाच नाही."

अवी उठला, नारळ घेऊन आला आणि आईसमोर धरला. "फोड, आई. मलिदा माझ्या एकट्याच्या प्रवासाचा."