जाड एक्सल, जड एक्सल

माझ्या सायकलचं पुढचं चाक सांगितल्या सांगितल्या वळत नाही. मी हँडल डावीकडे फिरवते, तेव्हा ते आधी जरासं सरळच जातं आणि मग काहीतरी आठवल्यासारखं वळतं. तोवर वळणावर रोवलेलं निशाण आलेलं असतं आणि मी त्याला घासलेली असते. असं का होतं, एवढा साधा प्रश्न मी आठवडाभर सगळ्यांना विचारत होते. उत्तर कुणालाच द्यायचं नव्हतं. सगळ्यांना उपदेश करायचा होता.

"तू घाबरतीस," बाबा म्हणाले. "वळणावर आंग चोरतीस."

"हात सैल सोड की जरा," आई म्हणाली. तिने आयुष्यात डोंगरावर सायकल चालवलेली नाही.

आमच्या प्रशिक्षक शिर्के मॅडम तर शांतपणे म्हणाल्या, "दुर्वा, सायकलला दोष देणं सगळ्यांत सोपं असतं." त्यांच्या या शांतपणाचा मला फार राग येतो.

आमच्या भागातल्या सगळ्या गाड्या आता बोगद्यांतून जातात, म्हणून डोंगरातल्या जुन्या वाटा सायकलींना दिल्या आहेत. शाळेचा चौघांचा संघ असतो. त्यात सहावीपर्यंतचीच मुलं घेतात, आणि मी सहावीत आहे. निवडीसाठी कारवीच्या सड्यावरून (डोंगरमाथ्यावरचं खडकाळ पठार) खाली धरणापर्यंत उतरायचं. वाटेत वळणावळणांवर निशाणं रोवलेली असतात, आणि डावीकडची दोन वळणं सगळ्यांत तीव्र आहेत. एका निशाणाला लागलं तर चालतं, दोनांना लागलं की बाहेर. गेल्या वर्षी मी दोन निशाणांना घासून बाहेर पडले होते. सरावातही तेच चाललं होतं, आणि निवड येत्या शनिवारी होती. ही संधी गेली की गेलीच.

शेवटी मी आबांकडे गेले. आबा म्हणजे माझ्या आईचे वडील. त्यांनी जन्मभर चंद्रगाड्यांची (चंद्रावर चालणाऱ्या गाड्यांची) चाकं तयार केली. तरीही मी त्यांच्याकडे सगळ्यांत शेवटी गेले, कारण आबांना प्रश्न विचारला की ते उलट आपल्यालाच प्रश्न विचारतात.

"काय गं, तोंड का पाडलंयस?" त्यांनी विचारलंच.

मी सगळं सांगितलं. आबांनी सायकल जवळ ओढली, पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांमध्ये घट्ट धरलं आणि मला हँडल फिरवायला सांगितलं. मी फिरवलं. चाक जागचं हललं नाही, पण हँडल चांगलं बोटभर फिरलं.

"हँडल फिरलं. चाक फिरलं का?"

"नाही."

"मग मधलं काय वाकलं?"

मी खाली वाकून पाहिलं. वाकत होता तो चिमटा (पुढचं चाक ज्या दोन पायांच्या मध्ये बसतं तो भाग, दुकानात त्याला फोर्क म्हणतात). त्याचा एक पाय जरा पुढे जात होता आणि दुसरा मागे.

"म्हणजे माझी चूक नाही," मी म्हटलं.

"न्हाई. तुझी न्हाई."

हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. पण एकदम रडूच येईल असं वाटलं, म्हणून मी आणखीनच चिडून विचारलं, "मग आठवडाभर सगळे मलाच का बोलत होते?"

आबांनी दाराकडे बोट केलं. "ही दाराची चौकट बघ. वर एक लाकूड, दोन बाजूंना दोन उभी, खाली उंबरठा. उंबरठा काढला तर काय होईल?"

"बाजूची लाकडं खालून डुगडुगतील."

"तुझ्या चिमट्याचंही तसंच हाय. वर दोन्ही पाय पक्के जोडलेत. खाली त्यांना बांधणारा उंबरठा म्हणजे तुझा एक्सल (चाकाच्या मधोमध आरपार जाणारा दांडा). तो आहे बारीक, आणि बसवलाय उघड्या खाचांत. चिमट्याला हवा ताठपणा (जोर आला तरी न वाकण्याचा गुण). तर काय करायचं?"

"जाड एक्सल घालायचा," मी म्हटलं. आबांनी मान डोलावली आणि ते जेवायला गेले.

एक्सल तयार करायचं काम भाऊसाहेबांचं. भाऊसाहेब हे आबांच्या कार्यशाळेतले यंत्रमानव. जो काम करतो त्याला मान द्यायचा, असा आबांचा नियम असल्यामुळे त्यांना अहो-जाहो करावं लागतं. बरं, ते ठोकाठोकीच्या आवाजात तोंडी सांगितलेलं ऐकत नाहीत. पाटीवर लिहून द्यावं लागतं. मी घाईघाईत लिहिलं, पाटी त्यांच्यासमोर ठेवली आणि घरी गेले.

शुक्रवारी सकाळी भाऊसाहेबांनी एक्सल माझ्या हातात दिला. हात एकदम खालीच गेला. "आपल्या सूचनेप्रमाणे आस सिद्ध आहे," ते म्हणाले. ते एक्सलला आस म्हणतात, आणि तयार असलेल्या वस्तूला सिद्ध.

मी तो बसवला, धापा टाकत सड्यावर गेले आणि खाली उतरले. डावीकडच्या दोन्ही निशाणांना घासले. जशीच्या तशी. फक्त सायकल आता जास्त जड झाली होती.

मी कार्यशाळेत येऊन सायकल अशी आदळली की आबा खुर्चीतून उठले. "तुमचा उंबरठा बसवला. काही उपयोग नाही. चिमटा वाकतोच आहे."

आबांनी एक्सल काढून हातात तोलला. जुन्या एक्सलशेजारी धरला. दोघांची जाडी अगदी सारखी होती. मग ते भाऊसाहेबांच्या पाटीकडे गेले आणि माझ्याकडे पाठ करून हसायला लागले.

पाटीवर माझ्या अक्षरात लिहिलं होतं: पुढच्या चाकासाठी जड एक्सल करा.

जाडचा काना राहिला होता. भाऊसाहेबांनी इमानेइतबारे कपाटातला सगळ्यांत वजनदार धातू घेऊन, मुळात होता तेवढाच बारीक, भरीव आणि महाभयंकर जड दांडा तयार केला होता.

"अहो, पण सायकलला जड एक्सल कशाला लागेल? तुम्ही विचारायचं तरी," मी म्हटलं.

"आपण विचारपूर्वक लिहिले असेल असे मी गृहीत धरले," भाऊसाहेब म्हणाले. इतक्या आदराने माझी फजिती अजून कुणी केलेली नाही.

"आता चिडायचं ते नंतर चीड," आबा म्हणाले. "चांगलंच झालं म्हणायचं. जड म्हणजे ताठ, असं पुष्कळांना वाटतं. खरं का ते बघू."

त्यांनी सारखे दोन कागद घेतले. एक मला पेन्सिलीसारखा घट्ट गुंडाळायला सांगितला, दुसरा लाटण्याएवढा जाड आणि पोकळ. दोन्हींच्या कडा डिंकाने चिकटवल्या. मग दोन डब्यांवर टोकं टेकवून दोन्ही गुंडाळ्या आडव्या ठेवल्या आणि प्रत्येकीच्या मध्यावर एकेक छोटं कुलूप दोऱ्याने टांगलं. बारीक गुंडाळी मध्येच लवली. जाड गुंडाळी जवळजवळ सरळ राहिली.

"दोन्हींचं वजन सारखंच आहे," मी म्हटलं. मला हे अजिबात आवडलं नव्हतं, पण दिसत तर होतं.

"बरोबर. दांडा वाकतो तेव्हा त्याची वरची बाजू दबते आणि खालची ताणली जाते. मधोमध काय होतं?"

"काहीच नाही?"

"काहीच न्हाई. मधला भाग नुसता बसून असतो. वाकण्याला खरा विरोध करतो तो मध्यापासून लांबचा भाग. म्हणून दांड्याची जाडी दुप्पट केली की ताठपणा दुप्पट होत नाही, सोळापट होतो. आणि मधला गाभा, अर्ध्या जाडीएवढा, पोखरून काढला तर ताठपणा फक्त सोळावा भाग कमी होतो. पण वजन पाव भागानं उतरतं."

मी कागदावर आकडेमोड करून पाहिली. बरोबर आली. म्हणजे एक्सल जाड हवा, पोकळ हवा आणि म्हणूनच हलकाही होऊ शकतो. माझ्या एका कान्यामुळे मी नेमकं उलटं मागितलं होतं.

"मग वीस मिलिमीटरचा करू," मी म्हटलं. माझा जुना नऊचा होता.

"वीस सर्वोत्तम," भाऊसाहेबांनी लगेच दुजोरा दिला. पाटीशिवाय त्यांना ऐकू येत नाही, हे खोटं असावं असा मला तेव्हापासून संशय आहे.

आबांनी नकारार्थी मान हलवली. "पंधराचा कर. जाडी नवावरून पंधरावर गेली तरी ताठपणा सातपटीच्या वर जातो. वीसचा त्याहून ताठ, खरंय. पण त्याला हब (चाकाचा मधला भाग, ज्यातून एक्सल जातो) मोठा लागतो, चिमट्याची टोकंही मोठी लागतात. मोठमोठ्या उड्या मारणाऱ्या जाडजूड माणसाला तो हवा. तू मूठभर हाडांची पोरगी. लागतो तेवढाच ताठपणा घ्यावा. जास्तीचं वजन चढावर तुलाच ओढायचंय."

मला वीसचाच हवा होता. पण सकाळचा चढ माझ्या पायांना आठवत होता.

या वेळी मी पाटीवर लिहिलं आणि तीनदा वाचलं. भाऊसाहेबांनी पंधराचा पोकळ एक्सल केला, त्याला बसेल असा हब केला. चिमट्याच्या उघड्या खाचांच्या जागी बंद भोकांची टोकं बसवली. एक्सल एका पायातून शिरून हबमधून आरपार गेला आणि दुसऱ्या पायात आटे फिरवून घट्ट बसला. आबांनी पुन्हा चाक गुडघ्यांत धरलं. मी हँडल फिरवलं, तर या वेळी आबांचे गुडघेच फिरले.

शनिवारी मी सड्यावर उभी राहिले तेव्हा एक्सल पुन्हा एकदा ओढून पाहिला. आता वळण चुकलं तर सांगायला काहीच नव्हतं.

मी उतरले. पहिलं डावं वळण आलं, हँडल वळवलं, आणि चाक त्याच क्षणी वळलं. निशाण हातभर लांब राहिलं. दुसऱ्या डाव्या वळणावरही तेच झालं. मला इतका आनंद झाला, आणि आठवडाभर मला बोललेल्या सगळ्यांचा इतका राग आला, की ते उभं राहिलेलं निशाण मी मान वळवून नीट बघून घेतलं.

तेवढ्यात पुढच्या उजव्या वळणावरच्या निशाणाला घासले.

त्यानंतर धरणापर्यंत मी श्वाससुद्धा जपून घेतला. आणखी कुठेही लागलं नाही.

"सोप्या वळणावर काय झालं गं?" शिर्के मॅडमनी विचारलं.

"मागे बघितलं."

"आणि सायकल?"

"सायकल बरोबर होती. मी चुकले."

मॅडमनी हातातली यादी उघडली. "मग डाव्या वळणांचं तू म्हणत होतीस ते खरं होतं," त्या म्हणाल्या. "मी ऐकायला पाहिजे होतं. संघात चौथी तू."

धरणाच्या भिंतीपाशी आबा उभे होते आणि त्यांच्या शेजारी भाऊसाहेब, हातात पाना घेऊन.

"निशाणास एक स्पर्श झाला," भाऊसाहेब म्हणाले. "आता कोणता भाग बदलू?"

"कोणताच नको," मी म्हटलं. "उरलेली चूक माझी आहे. ती मलाच दुरुस्त करता येईल."

आणि सायकल वळवून मी पुन्हा सड्याकडे चढायला लागले.